किर्लोस्करवाडी: आधी कारखाना, मग गाव

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ही वाडी जुनी होती आणि तिच्यावरून किर्लोस्करांच्या कारखान्याला नाव पडलं, असा एक समज आहे. घडलं नेमकं उलटं. १९१० साली तिथे कुंडलजवळचा ओसाड माळ होता, नुसता निवडुंग आणि साप. कारखान्याला बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो माळ उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. एवढ्याशा संस्थानाच्या राजाची ही दृष्टी मला खरंच फार मोठी वाटते! निवडुंग तोडून कामगारांची घरं उठली, लोखंडी नांगर तिथूनच शेतकऱ्यांकडे जाऊ लागले आणि वस्तीला किर्लोस्करांचं नाव मिळालं. स्टेशनसुद्धा आधी ‘कुंडल रोड’च होतं. कुंडल मात्र वेगळं, जुनं गाव, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातलं. दोघांची गल्लत नको.