९ ऑगस्टची रॅली: आदिवासी पोरांनी संस्कृती जपली की सगळ्यांची एकसारखी करून टाकली?

डोंगरवाट (धागाकर्ता)
जागतिक आदिवासी दिनाला आमची तरुण मंडळं नंदुरबारपासून पुण्यापर्यंत रॅल्या काढतात. पिवळे टी-शर्ट, डोक्याला पिसं, डीजे, आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा. मी स्वतः पावरा, रॅलीत नाचणाराही, तेव्हा बाहेरून टोमणे मारतोय असं समजू नका.

राज्यात ४५ अनुसूचित जमाती आहेत. वारल्यांचा तारपा, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी कोकणा जमातीची पावरी, ही दोन फुंकून वाजवायची वाद्यं; कोरकूंची गदली आणि माडियांचं रेला हे नाच. एकाचं दुसऱ्यासारखं नाही, मजा त्यातच आहे. रॅलीत मात्र सगळे एकाच साच्यातले.

अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी घ्या. तिथला बुध्या, म्हणजे नवस बोलून होळीत नाचणारा, आधी कित्येक दिवस नवस पाळतो: खाटेवर निजायचं नाही, अंघोळ नाही, पायात काही नाही. मग अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. आता हाच बुध्या शहरातल्या स्टेजवर दोन मिनिटं येतो, रील होते, खाली उतरून वडापाव खातो. नवस कुठे गेला? विविधता जपतोय म्हणता म्हणता आपणच ‘आदिवासी’ नावाचा एक रेडीमेड ड्रेस शिवलाय, असं माझं मत.

नर्मदाकाठची
दादा, तुम्हाला काठी आठवते कारण तुम्ही तिथे वाढलात. मी आठवीपासून आश्रमशाळेत आणि पुढे शहरातल्या वसतिगृहात. कॉलेजात पहिल्या वर्षी गाव विचारलं की ‘धुळ्याकडची’ म्हणून मोकळी व्हायचे. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न मार्कांचा आणि कोट्याचा. याच पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी हाताला धरून रॅलीत नेलं, तेव्हा कुठे चारचौघात आपल्या बोलीत बोलायला लागले.

आणि नुसतं नाचणं म्हणू नका. २०१८ मध्ये वसतिगृहांतलं जेवण बंद करून खात्यात पैसे टाकायचं ठरलं, तेव्हा पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. पावरा, कोकणा, महादेव कोळी असे वेगवेगळे बसलो असतो तर कोण चाललं असतं? एक रंग लागतोच.

सरळसाधा
मला एक कळत नाही. ९ ऑगस्ट आपल्याकडे क्रांतिदिन. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती आहे, सरकार २०२१ पासून तो दिवस जनजातीय गौरव दिन म्हणून साजरा करतं. मग परदेशातून आलेला दिवस कशाला? वेगळेपणाचा इतका गजर केला की माणूस मुख्य प्रवाहापासून तुटतो.

नर्मदाकाठची
@सरळसाधा, १९८२ साली ९ ऑगस्टला जिनिव्हात मूलनिवासींच्या हक्कांवरच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, त्यावरून १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही तारीख ठरवली. क्रांतिदिनाशी भांडण नाही, १५ नोव्हेंबरही आम्ही करतोच. आणि मुख्य प्रवाहाचं म्हणाल तर आमच्या तापी-नर्मदा धरणांनी अडवल्यात, त्या प्रवाहाचं आधी बोलू.

डहाणूकडचा
मला दोघांचंही अर्धं पटतं. आमच्याकडे आदिवासी युवा सेवा संघाने पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पोरांनी संघटना केली नसती तर कागद कोणी भरले असते? म्हाताऱ्यांनी? तेव्हा धागाकर्त्याचा ‘रेडीमेड ड्रेस’ मला जरा एकांगी वाटतो.

पण मानांकनाने सगळं साधलं असंही नाही. चादरीवर, कपबशीवर छापील वारली अजून सर्रास विकली जाते. आणि एक गोष्ट आमची पोरंही सांगत नाहीत: ही चित्रं मुळात बायकांची. लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, मधोमध पालघाट देवी. लग्नविधी करणारी बाई, धवलेरी, गाणी म्हणायची. जिव्या सोमा मशे थोरच, त्यांच्यामुळे ही कला जगभर गेली, २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण आता कागदावर सही बहुतेक बाप्यांची असते. युवा मंडळाच्या कार्यकारिणीत बायका किती, हे मी विचारलं की विषय बदलतो.

गोंडवनातून
पोशाखावर इतकी चर्चा, भाषेवर एक ओळ नाही. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीच्या वर, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास. दोन्ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाहीत. संस्कृत २४,८२१ लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवली, ती आहे. संथाली आणि बोडोसाठी लढा झाला, २००३ मध्ये त्या आत आल्या.

धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. प्रशासनाने ती अनधिकृत ठरवली, गाव कोर्टात गेलं. अशा वेळी किती टी-शर्टवाले गडचिरोलीला आले? रॅलीतली भाषणंसुद्धा मराठीत.

नर्मदाकाठची
@गोंडवनातून, मराठीत नको तर कशात करू? माझी भिलोरी तुम्हाला कळत नाही, तुमची गोंडी मला.

गोंडवनातून
मराठीत करा की. पण आधी पाच मिनिटं आपापल्या बोलीत, मग मराठी.

डोंगरवाट
हे मला चालेल. माझं म्हणणं एवढंच होतं की पुढल्या वर्षी डीजे एक तास कमी करा आणि प्रत्येक जमातीला स्वतःचं वाद्य, स्वतःचा माणूस घेऊन येऊ द्या. बुध्याला मात्र स्टेजवर आणू नका. ज्याला बघायचाय त्याने होळीला काठीला यावं.

नर्मदाकाठची
बुध्याचं मान्य. डीजेचं नाही. अकरावीची पोरं पावरी ऐकायला येत नाहीत दादा, ती डीजेला येतात, आणि त्यातली चार-दोन पावरीपाशी थांबतात. शिवाय गावाहून वाजवणारे आणायचे तर गाडीभाडं कोण देणार, तेही लिहा. गेल्या वेळची वर्गणी मांडववाल्यातच संपली.

डहाणूकडचा
तारपावाल्याचं भाडं माझ्याकडे. कार्यकारिणीत निम्म्या बायका घ्या, मग पैसे पाठवतो.