चोचवाल्या प्लेग डॉक्टरला आपल्याकडची भीती कशी द्यावी?

रेघोट्या_मिरज:
जुन्या काळातल्या भेसूर आकृत्या आजच्या भीतीत आणायच्या, अशी चित्रमालिका टॅबवर करतेय. पहिला युरोपातला प्लेग डॉक्टर. समोर पॉल फ्युर्स्टचं १६५६चं कोरीव चित्र ठेवलंय. अंगभर झगा, हातात काठी, तोंडावर चोच. रोग घाण वासातून पसरतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून त्या चोचीत सुवासिक पाला भरायचे. मी डोळ्यांच्या काचांजागी सीसीटीव्हीची भिंगं बसवली, मागे कृष्णेचा पूर आणि सांगलीचा आयर्विन पूल. रंग मस्त जमलेत. पण आजीला दाखवलं तर म्हणाली, "कावळा कशाला काढलास?" मला तिला वाटेल अशी भीती हवीय. काय बदलू?

वाईकर_दादा:
आधी पूर काढ. एका चित्रात दोन संकटं नकोत. आणि चोच आपल्याकडे कुणी पाहिलीय? १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात लोकांनी धसका घेतला तो घरं तपासायला येणाऱ्या गोऱ्या सोजिरांचा. थेट आत शिरायचे, सामान बाहेर काढून जाळायचे. साथरोग कायदा त्याच वर्षीचा, २०२०मध्ये आपल्याला तोच लावला. तुझ्या डॉक्टरला दारात आण.

रातपाळी_सातारा:
मी नर्स आहे, कोविड वॉर्डात काम केलंय. पीपीई किटमध्ये पेशंटला आमचे फक्त डोळे दिसायचे. एक आजोबा रोज विचारायचे, "कालचीच का गं तू?" मग आम्ही छातीवर मार्करने नावं लिहायला लागलो. त्यानंतर ते हाक मारून पाणी मागायचे. सावित्रीबाई आमच्या जिल्ह्यातल्या, नायगावच्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली, १० मार्च १८९७ला गेल्या. सेवा करणाऱ्याचं भूत करू नकोस गं, एवढंच मागणं.

रेघोट्या_मिरज:
ताई, मार्करचं वाचून अंगावर काटा आला. भिंगं आणि पूर दोन्ही लेयर उडवले. आता तो उंबऱ्यावर उभा आहे, अर्धी रांगोळी बुटाखाली. चोच ठेवलीय, झग्याऐवजी पांढरं किट, आणि छातीवर नावाची जागा कोरी. आत कोण आहे तेच कळत नाही. दुसरं चित्र तुमचं करणार, तसंच किट, पण नाव लिहिलेलं. दोन्ही शेजारी लावेन. दादा, वाईतल्या जुन्या वाड्याच्या दाराचा, कडी-कोयंडा नीट दिसेल असा फोटो असेल तर टाका ना.