एडिटरची स्थिती सांगणारे असिंक्रोनस कॉल कसे रचावेत?

प्रश्न: आमच्या प्लगइनमध्ये कर्सरचे स्थान आणि निवडलेला मजकूर दोन स्वतंत्र असिंक्रोनस (उत्तरासाठी न थांबणाऱ्या) कॉलनी मागवले जातात, पण पहिले उत्तर येऊन दुसरे येईपर्यंत वापरकर्त्याने एखादी ओळ खोडली, तर ती दोन उत्तरे वेगवेगळ्या क्षणांची ठरतात. अशी रचना मुळातच चुकीची आहे का?

उत्तर १: माझ्या मते, होय. परस्परांवर अवलंबून असलेली माहिती एकाच कॉलने, आवृत्ती क्रमांकासह द्यावी. निओव्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये बफरचा (उघडलेल्या मजकुराचा) ‘चेंजडटिक’ हा क्रमांक प्रत्येक बदलागणिक वाढतो. मात्र कर्सर नुसता हलल्याने तो वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर २: एवढ्याने भागत नाही, कारण उत्तर हाती पडेपर्यंत तेही शिळे झालेले असू शकते. म्हणून संपादन परत पाठवताना ‘हे आवृत्ती ४१ वर आधारित आहे’ असे कळवावे आणि बफर ४२ वर गेला असल्यास एडिटरने ते नाकारावे. वाचन संपेपर्यंत टायपिंग अडवून धरणे हा उपाय नव्हेच.

उत्तर ३: स्थान कोणत्या एककात मोजले आहे, तेही लिहून ठेवा. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि कोड तपासणारा प्रोग्राम यांच्यातील संवादाच्या नियमांत) मूळ एकक यूटीएफ-१६ चे, म्हणजे अक्षरे १६ बिटांच्या तुकड्यांत साठवण्याच्या पद्धतीचे आहे. त्यानुसार डोळ्यांना एकच दिसणारे ‘क्षि’ ४ एकके व्यापते.

प्रश्नकर्ता: क्रमांक जोडला, चुकीची ओळ खोडली जाणे थांबले.