मदत हवी आहे: दुधावरून जड अन्नाकडे कसं जायचं?

सर्वांना जय ख्रिस्त. बाप्तिस्मा घेऊन 14 वर्षं झाली. रोज पहाटे चहा उकळेपर्यंत बायबलचा एक अध्याय वाचून होतो, खुणेची रिबीन पुढच्या पानात सरकते, झालं. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी इब्री लोकांस पत्राचा 5 वा अध्याय घेतला: एव्हाना शिक्षक व्हायला हवं होतं, अजून दूधच लागतंय, म्हणजे विश्वासाचे प्राथमिक धडेच. अंगावरच आलं. आणि घरी येऊन तासाभरात मी सासूबाईंवर खेकसले, तेही भाकरी जाड झाली म्हणून! गलतीकरांस पत्रातली आत्म्याची नऊ फळं पाठ आहेत हो मला, सौम्यतेसकट.

आता अध्याय उरकणं बंद करतेय. याकोबाचं पत्र घेणार. पाचच अध्याय, 108 वचनं, तीन महिने तेवढंच. तिसऱ्यात जिभेचा विषय आहे, म्हणजे माझाच. पण एकटीने वाचलं की मी सोयीचा अर्थ काढते.

कुणी असं एकच पत्र सावकाश वाचलंय का? वहीत काय लिहीत होतात? आणि चूक तोंडावर सांगणारी सोबतीण कशी मिळवलीत? आमच्या महिला मंडळात सगळ्या गोडच बोलतात. जाडजूड ग्रंथ सुचवू नका, नोकरी सांभाळून अर्धा तासच मिळतो.