मदत हवी आहे : साथीच्या काळातील भेटबंदी आणि आयसीयूतील कर्मचारी

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इन्चार्ज सिस्टर आहे. पुन्हा एखादी साथ आली तर विभाग कसा चालवायचा याची लेखी नियमावली आमच्याकडे सध्या तयार होत असून, त्यातील नातेवाइकांच्या भेटींचा भाग माझ्याकडे सोपवला आहे. पहिल्या मसुद्यात या भागाला एकच ओळ दिली होती : 'नातेवाइकांना प्रवेश पूर्णपणे बंद राहील.' ही ओळ अशीच राहू द्यायला माझे मन तयार नाही, परंतु तिच्या जागी नेमके काय लिहावे हे ठरवताना आयसीयूत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांची मदत मला हवी आहे.

बंदीमागची कारणे मला मान्य आहेत. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून संसर्ग पसरल्यावर सगळा जिल्हा धास्तावला होता, पीपीई किट मोजून मिळत होते, आणि बाहेरच्या माणसाला आत घेणे म्हणजे त्याच्यासह त्याच्या घराला धोका होता. तेव्हाच्या निर्णयाला मी नावे ठेवत नाही. माझे म्हणणे असे आहे की, नातेवाईक दाराबाहेर थांबले म्हणून ते करत होते ती कामे थांबली नाहीत. ती सगळी आमच्या अंगावर आली, आणि त्यांसाठी ना वेळ दिला गेला, ना माणूस, ना प्रशिक्षण.

ही कामे कोणती, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. रुग्णाला कोणत्या गोळ्या चालू होत्या, चष्म्याशिवाय त्याला कितपत दिसते, त्याला कोणत्या नावाने हाक मारली की तो डोळे उघडतो, हे घरचेच सांगतात. आमच्याकडे जत, अथणी, जमखंडीकडून कानडी बोलणारे रुग्ण बरेच येतात. एरवी मुलगा किंवा नात दुभाष्याचे काम करते, तेव्हा ते वॉर्डातल्या एका मामांवर येऊन पडले. त्यातच फोन. तो प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, हातात ग्लोव्हजचे दोन थर, गॉगलवर वाफ धरलेली, आणि हाय फ्लो ऑक्सिजनचा आवाज एवढा की पलीकडच्या लेकीला वडिलांचा शब्द ऐकू जात नसे. मग ते जे पुटपुटतील ते आम्ही मोठ्याने सांगायचे. उसाचे बिल जमा झाले का, बागेला औषध मारले का, असे साधे निरोप असत. आणि नळी टाकण्याआधीच्या फोनवर निरवानिरवीचे बोलणेही आमच्याच तोंडून जात असे.

एका आजींच्या सुनेने गेटवरच्या वॉचमनकडे तुळशीचे पान आणि गंगाजलाची लहान बाटली देऊन, ते त्यांच्या मुखी घालावे अशी विनंती केली होती. घशात नळी असल्याने तोंडात पाणी घालणे शक्य नव्हते. आमच्या एका तरुण सिस्टरने गॉजचा तुकडा त्या पाण्यात भिजवून आजींच्या ओठांवरून फिरवला, पान उशाशी ठेवले, आणि सुनेला फोनवर तसे सांगितले. ड्युटी संपल्यावर ती किट काढायच्या खोलीत बराच वेळ बसून राहिली. हे घरच्यांनी करायचे असते, मी केलेले चालले असेल का, एवढेच ती विचारत होती, आणि आमच्यापैकी कोणालाही तिला उत्तर देता आले नाही. पुढे तिने आयसीयूतून बदली मागून घेतली. अर्जात कारण म्हणून 'वैयक्तिक' असे लिहिले होते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. काचेतून का होईना, नातेवाइकाला आमची धावपळ दिसत असली की वाईट बातमीची त्याच्या मनाची थोडीफार तयारी होते. संध्याकाळच्या एका फोनवर सगळे अवलंबून राहिल्यावर 'काल तर स्थिर म्हणाला होतात' हा प्रश्न रास्तच ठरतो, आणि 'आत काय चालते ते कळू देत नाहीत' हा संशयही वाढतो. एप्रिल २०२० मधील अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा ठरवली, त्याचा आधार वाटला. मात्र गेटवरची शिवीगाळ ऐकून आत येऊन पुन्हा त्याच माणसाच्या आईची कूस बदलायची, हे कोणत्याही कायद्याने सोपे होत नाही.

माझ्या काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. भेटी बंद असताना विभाग शांत होता, कामाचा उरक वाढला होता, असे ते म्हणतात, आणि सुरुवातीपुरते ते खरेही होते. त्यांना दाखवण्यासाठी माझ्याकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १४ देशांतील ६९ आयसीयूंमधील २,०८८ कोविड रुग्णांच्या त्या पाहणीत, ज्यांना घरच्यांची भेट प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून मिळाली त्यांच्यात डिलिरियमचे, म्हणजे गंभीर आजारात होणाऱ्या भ्रमाचे, प्रमाण कमी आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला समजते. परंतु भ्रमात नळ्या उपसणाऱ्या रुग्णापाशी रात्र काढलेल्या कोणत्याही सिस्टरला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आता मला नेमके काय विचारायचे आहे ते लिहिते. नातेवाइकांशी बोलण्याची जबाबदारी बेडसाइड सिस्टरकडून काढून वेगळ्या व्यक्तीकडे दिल्याचा अनुभव कोणाला आहे का? ती व्यक्ती समाजसेवा अधीक्षक असावी, की आयसीयूची ड्युटी नसलेले डॉक्टर, आणि मृत्यूची बातमी तिनेच द्यावी का? रुग्ण अखेरच्या टप्प्यात असताना घरच्या एका माणसाला किट घालून आत आणण्याची तरतूद मी लिहू इच्छिते. त्याला किट कोणी घालायचे, सोबत कोणी थांबायचे आणि त्या वेळात त्या सिस्टरचे बाकीचे रुग्ण कोणी पाहायचे, हे कोणी प्रत्यक्ष बसवले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. १५ मार्च २०२० च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये, कर्मचाऱ्यांनी मृतदेहाच्या पिशवीची चेन चेहऱ्यापाशी उघडून नातेवाइकांना अंत्यदर्शन घेऊ देण्याची मुभा होती, पण आमच्याकडे पुष्कळदा तेवढी सवड कोणालाच नसे. म्हणून ते काम कोणाचे, हेही मला नावानिशी नव्हे तरी पदानिशी लिहायचे आहे.

शेवटचा प्रश्न आमच्या मुलींविषयी आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आम्ही चेंजिंग रूममध्ये लावला आहे, पण सलग ड्युटीनंतर थकलेली मुलगी आपणहून फोन करील अशी मला आशा नाही. हँडओव्हरच्या वेळेतच, कोणालाही जास्त वेळ न थांबवता, अशा मृत्यूंविषयी बोलण्याची काही पद्धत तुमच्याकडे टिकली असेल तर ती मला हवी आहे. सुरू होऊन बंद पडलेल्या पद्धतींविषयी लिहिलेत तरी उपयोग होईल.

उत्तर देताना आपला विभाग किती खाटांचा आहे आणि एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, हे अवश्य नमूद करावे. रुग्णांची नावे किंवा ओळख पटेल असा तपशील कृपया लिहू नये.