चित्रातला कार्ल आणि घरातली राणी

मोगरा:
वाचनालयातून अलेक्झांड्रा डे यांचं ‘गुड डॉग, कार्ल’ (१९८५) आणलं. आई बाळाला कार्ल नावाच्या रॉटवायलर जातीच्या कुत्र्यावर सोपवून बाहेर जाते. पुढे जवळजवळ शब्दच नाहीत. बाळ कार्लच्या पाठीवर बसून घरभर हिंडतं, दोघं मिळून खातात, कार्ल त्याला आंघोळ घालतो, पसारा आवरतो आणि आई यायच्या आत बाळाला जागेवर ठेवतो. चित्रं फार सुंदर आहेत.

पण दुसऱ्याच दिवशी आमचा ३ वर्षांचा लेक राणीच्या पाठीवर चढला. राणी ही आमची कुत्री, ९ वर्षांची, तिची कंबर दुखते. ती गुरगुरली नाही. जागच्या जागी ताठ झाली, जिभेनं नाक चाटलं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं, म्हणजे ती घाबरली होती. मी त्याला उचललं आणि पुस्तक परत केलं. एवढ्या लहान मुलांना हे दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिंपळपान:
मला नाही पटत. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक शाळेत दिवसभर इंग्रजीच बोलते. शब्द असते तर तिनं ते इंग्रजीतच म्हटले असते. इथे शब्द नाहीत, म्हणून तिनं पहिल्यांदा अख्खी गोष्ट मराठीत सांगितली. ‘न्हाऊमाखू’ हा शब्द तिला कार्लमुळे मिळाला. असं पुस्तक मी कसं परत करू?

गवतीचहा:
पिंपळपानताई, माझ्या भाचीला घरचाच कुत्रा चावला. वर्षानुवर्षांचा, लस दिलेला. तो जेवत होता आणि तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला. लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून चावा चेहऱ्यावर बसतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली, लगेच दवाखाना गाठला. तरी जखमेभोवती सुया टोचताना पोरीला धरायला तिघं लागले. गालावर वण अजून आहे.

पिंपळपान:
वाचून पोटात कालवलं. पण कुत्रा जेवताना मूल जवळ नको, हे बघायचं काम मोठ्यांचं. माकड मगरीच्या पाठीवर बसतं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली, म्हणून मगरीजवळ कोणी गेलं का?

मोगरा:
मगर घरात नसते, ताई. राणी दिवसभर त्याच्या हाताच्या अंतरावर असते. न्हाऊमाखूचं वाचून खरंच छान वाटलं. तुमच्याकडे कुत्रा असता तर मात्र मी तुम्हालाही हेच सांगितलं असतं. राणी आहे तोवर मी कार्ल घरी आणणार नाही.