मदत हवी: क्रूझ कंट्रोल बसवलं, पण ‘सेट’ होत नाही

प्रश्न
गाडी पेट्रोल, मॅन्युअल, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरवाली. बाहेरचं क्रूझ किट (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारं) ॲक्सिलरेटर पेडलच्या कपलरवर, म्हणजे तारांच्या जोडणीच्या प्लगवर बसवलंय. किटचा दिवा लागतो, पण ताशी ६० ला सेट दाबलं तरी वेग धरत नाही. ब्रेकची तार स्विचमधून दिव्यांकडे जाणाऱ्या तारेला जोडली आहे. मागचे तिन्ही ब्रेकचे दिवे एलईडी. शिवाय अधूनमधून चेक लाइट (डॅशवरचा इंजिनातल्या बिघाडाचा दिवा) येते, बिघाडाचा कोड पी२१३८. मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
आधी एलईडीच तपासा. साध्या २१ वॅटच्या बल्बचं फिलामेंट थंड असताना जेमतेम एखादा ओहम असतं, त्यामुळे ब्रेक सोडलेला असताना ती तार बल्बमधूनच अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते. बरीच किटं नेमकं हेच बघतात. एलईडीतून अर्थ मिळत नाही, तार तरंगती राहते आणि किटला वाटतं ब्रेक दाबलेला आहे.
किट चालू, पाय ब्रेकवर नाही, अशा वेळी ती तार आणि बॉडी अर्थ यांत व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. मग ब्रेक पेडल दाबून १२ व्होल्ट येतात का बघा.

प्रश्नकर्ता
सोडलेलं असताना ३.८, दाबल्यावर १२.४. रिले लावू का?

प्रतिसाद १
म्हणजे दोष तोच. पाच पिनांच्या रिलेने (कॉइलच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचने) काम होतं, पण मी तो लावणार नाही. कॉइल जळली तर ब्रेक दाबल्याचं किटला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा ब्रेकच्या तारेपासून बॉडी अर्थपर्यंत १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर सोल्डर करा. तो तुटलाच तर क्रूझ फक्त सेट होणार नाही, आणि बिघाड व्हायचाच तर असाच व्हावा. व्होल्टेज अजूनही वर राहिलं तर तिघांपैकी एक दिवा पुन्हा फिलामेंटचा करा.
आणि किटची ब्रेक तार स्विचवरून काढून सरळ अर्थला कुणी जोडायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. सेट लगेच होईल, पण ब्रेक दाबून क्रूझ सुटणार नाही.

प्रतिसाद २
पी२१३८ चा ब्रेकशी संबंध नाही. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यांचे व्होल्टेज सतत ताडून बघतं. बऱ्याच गाड्यांत दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो, पाय काढल्यावर साधारण ०.८ आणि ०.४. प्रमाण बिघडलं की चेक लाइट येते आणि गाडी ओढत नाही.
कपलर काढू नका. मागच्या बाजूने बारीक पिन घालून दोन्ही मोजा, पेडल अगदी हळू दाबा आणि दुसऱ्या हाताने हार्नेस (तारांचा जुडगा) हलवा. आकडा उडाला तर सांधा तिथेच ढिला आहे. तार न सोलता दाबून बसवायचे क्लिप वापरले असतील तर आधी तेच काढा. बारीक तारेचे निम्मे धागे त्यात कापले जातात. सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला.
किटची अर्थ कुठून घेतली?

प्रश्नकर्ता
पेडलच्याच अर्थ तारेवरून. जवळ होती म्हणून.

प्रतिसाद २
ती आधी हलवा. किटचा करंट त्या बारीक तारेतून गेला की सेन्सरचा शून्यच वर सरकतो आणि दोन्ही आकडे एकदम चुकतात. डॅशखालच्या बोल्टवर रंग खरवडून वेगळी अर्थ द्या. मगच कोड पुसा, नाहीतर काय सुधारलं ते कळायचं नाही.
चाचणी रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर. सेट झालं की ब्रेक पेडल फक्त टेकवा, दिवा लागताक्षणी क्रूझ सुटलं पाहिजे. मग क्लच. क्लचला सुटलं नाही तर आरपीएम भडकेल. तसं झालं तर क्लच स्विचची तार जोडेपर्यंत क्रूझ वापरू नका.